मुराळी सायकलवर

४ जानेवारी १९७६, बदनापूर

बद्रीनाथ गुरुजींनी ही डायरी दिली. त्यांच्या भावाला बियाणाच्या दुकानातून दोन मिळाल्या होत्या. प्रत्येक पानाच्या तळाला शेतकऱ्यांसाठी एक सल्ला छापला आहे. आजचा सल्ला हरभऱ्यावरच्या अळीबद्दल आहे. माझ्याकडे ना हरभरा ना रान, पण कोरी पानं वाया जाताना मास्तराला बघवत नाहीत, म्हणून लिहितो आहे.

गेल्या जूनपासून फळा सोडला तर मी कुठंच काही लिहिलेलं नाही. पेन उचललं की कंटाळा येतो.

प्रकृती बरी. पित्त आहे. घसा कोरडा पडतो, विशेषतः सकाळी हजेरी घेताना. म्हणून माझ्या वर्गाची हजेरी बद्रीनाथ गुरुजी घेतात आणि त्यांचा भूगोलाचा तास मी घेतो. सौदा माझ्या फायद्याचा आहे, भूगोल मला आवडतो.

१९ जानेवारी

प्रभाचं कार्ड आलं. अक्षर माझंच, मीच गिरवून घेतलेलं.

"ती. बाबांस प्रभावतीचा जयभीम. आईचा पाय कसा आहे. इकडे सर्व ठीक. गल्लीतल्या सगळ्या मुली माहेरी जाऊन आल्या. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही चुलतभावाला पाठवलं होतं, त्याच्याबरोबर मी आले नाही, राग मानू नये. आता जयंतीला तुम्ही स्वतः न्यायला आलात तरच येईन. नाही आलात तर समजेन, की माझं माहेर आईपुरतंच राहिलं."

पंचमी आणि दिवाळी आमच्या वडिलांनी छप्पन्न साली सोडली. सण सुटले, पण सासरी गेलेल्या पोरीची वाट बघणं काही सुटलं नाही. म्हणून आमच्या वस्तीत लेकी जयंतीला आणतात. चौदा एप्रिलच्या आत बाप नाहीतर भाऊ मुराळी होऊन जातो आणि लेकीला घेऊन येतो. प्रभा एकुलती एक. तेव्हा मुराळी मीच.

मागच्या जूनमध्ये तिला तीर्थपुरीला सासरी सोडून परत येताना अंबडजवळच्या मोरीवर, रस्त्याखालून ओढा जातो तिथं, आमची एस.टी. उलटली. आठ माणसं गेली. गिरिजाचा पाय मोडला. मला खरचटलंसुद्धा नाही. पाय मोडलेली बाई तेव्हापासून तीन वेळा त्याच रस्त्यानं, एस.टी.नंच, लंगडत लंगडत लेकीला भेटून आली. मी धडधाकट असून एकदाही गेलो नाही. शाळेची कामं असतात.

६ फेब्रुवारी

आज जायचं ठरवलं होतं. नुसतं भेटून यायचं, म्हणजे जयंतीपर्यंत पोरीच्या मनात काही राहणार नाही.

रेल्वेनं जालन्याला गेलो. रेल्वेत मला काही होत नाही. स्टेशनवरून स्टँडला चालत गेलो. तीर्थपुरीची गाडी लागली होती, गर्दीही नव्हती. दाराच्या दांडीला हात लावला, एक पाय वर ठेवला. आतून डिझेलचा आणि रेक्झिनच्या सीटचा वास आला. तो वास इतका वाईट असतो हे पूर्वी कधी जाणवलं नव्हतं. मागचा माणूस म्हणाला, "चढा ना गुरुजी जल्दी." मी बाजूला होऊन त्याला वाट दिली. मग आणखी चौघांना दिली. मग गाडी गेली.

स्टँडवरच्या बाकावर दीड तास बसलो. सदरा पाठीला चिकटला होता. फेब्रुवारीत एवढा घाम म्हणजे यंदा ऊन कडक पडणार.

घरी येऊन गिरिजाला सांगितलं, गाडी रद्द झाली. ती भाकरी थापत होती. वळून न बघता म्हणाली, "झाली असंल. आजकाल लई रद्द होऊन राह्यल्या गाड्या." तिचा विश्वास बसला, बरं झालं. नंतर कळलं की त्याच गाडीनं शेजारची चांगुणाबाई तिच्या बहिणीकडे गेली. ती परत आल्यावर गिरिजाशी बोलणार नाही अशी आशा आहे.

११ फेब्रुवारी

डॉक्टरकडे गेलो. छाती तपासली, जीभ बघितली. म्हणाले, मनाला धक्का बसलाय, टॉनिक घ्या, जड खाऊ नका. लाल रंगाची बाटली दिली. गोड आहे.

२९ फेब्रुवारी

गिरिजा काल तीर्थपुरीहून आली. प्रभाला चौथा महिना सुरू आहे. लेक आई होणार आणि बापाला हे तिसऱ्या तोंडून कळलं. तिसऱ्या नाही, दुसऱ्या. पण कळलं असंच.

गिरिजानं सगळं सांगितलं. पोरगी वाळली आहे. आंबट खावंसं वाटत नाही, उलट ज्वारीच्या पापड्या मागते. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली का? गिरिजानं लुगड्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मग म्हणाली, "काई म्हणाली न्हाई. तेच तर."

चांगुणाबाई येऊन बसली होती. मला ऐकू जाईल अशा बेतानं गिरिजाला म्हणाली, "त्या मोरीवरलं काहीतरी लागलंय गुरुजीला. नारळ उतरून टाका, बराबर होतंय." मी बाहेर येऊन तिला वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या प्रतिज्ञांची आठवण करून दिली. ती म्हणाली, "पतिज्ञा मला पाठ हायेत गुरुजी. पण तुमचं तोंड तर बघा आरशात." बाई फटकळ आहे.

प्रभाची फार आठवण येते. शाळेतून आल्यावर ती पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मध्येच स्वतःच्या मनची एखादी बातमी घुसवायची. बदनापूरच्या एका मास्तराच्या चपला चोरीला गेल्या, पोलीस कसून तपास करत आहेत, अशी. मी दर वेळी फसायचो. आता पेपर मी मनात वाचतो आणि त्यात सगळ्या खऱ्याच बातम्या असतात.

१४ मार्च

काल शाळेत एक प्रकार झाला. सातवीला मराठवाड्यातल्या नद्या शिकवत होतो. बाहेर रस्त्यावर एका ट्रकनं करकचून ब्रेक लावला. पुढचं मला नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा मी खिडकीचे गज धरून उभा होतो आणि सगळा वर्ग चिडीचूप होता. मी मुलांना ओरडून "डोकी खाली" असं सांगितलं होतं म्हणे. सगळ्यांची डोकी बाकावर टेकलेली होती. आज्ञाधारक वर्ग आहे.

बद्रीनाथ गुरुजी येऊन मला बाहेर घेऊन गेले. मुलांना सोडून दिलं. पिंपळाखाली बसून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी नेमकं काय झाल्तं, तुम्ही कधी सांगितलं न्हाई." मी म्हणालो, सांगण्यासारखं काही नाही, गाडी उलटली. ते म्हणाले, "मंग लिहून काढा. डायरी काय अळीवर औषध मारायला दिली का?"

म्हणून लिहितो.

तीर्थपुरीहून येताना अंबडच्या अलीकडे ती मोरी लागते. समोरून बैलगाडी आली, ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, कड खचली. गाडी कुशीवर पडली. एवढंच. मी खिडकीतून बाहेर निघालो. गिरिजाला ओढून काढलं, बाभळीखाली बसवलं. तिचा पाय वाकडा दिसत होता, पण ती बोलत होती. मग कंडक्टर आला. त्याच्या डोक्यातून रक्त येत होतं. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही शिकलेले हाव. नावं लिहून घ्या सगळ्यांची. डेपोला कळवावं लागंल, घरच्यांना सांगावं लागंल."

खिशात पेन होतं. त्यानं कुठून तरी कागद दिले. मी लिहायला लागलो. मास्तराला यादी करायला सांगितली की तो यादी करतो. नाव, वडिलांचं नाव, गाव. एकेकाजवळ बसून विचारत होतो. जे बोलू शकत होते ते सांगत होते.

एक म्हातारा होता. मोरीच्या कठड्याला टेकून बसला होता, पांढरं धोतर, अंगावर कुठं जखम दिसत नव्हती. तो म्हणाला, "पाणी द्या थोडं." मी म्हणालो, "आधी नाव सांगा बाबा, मग आणतो." त्यानं सांगितलं. कारभारी. वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मुलगा सैन्यात आहे तेही सांगितलं. मी सगळं लिहून घेतलं. मग त्याच्या शेजारची बाई, मग तिच्या पलीकडचा. तेवीस नावं झाली. ओढ्यात पाणी होतं. कुणाचा तरी तांब्या घेऊन गेलो, भरून आणला.

कारभारी तसाच बसलेला होता.

यादी स्वच्छ झाली होती. कुठं खाडाखोड नाही. पोलीस आल्यावर त्यांनी कौतुक केलं.

हे लिहायचं काही कारण नव्हतं. माझ्या पित्ताशी याचा संबंध नाही. पण बद्रीनाथ गुरुजींचं समाधान होईल.

१५ मार्च

वरचं पान गुरुजींना वाचायला दिलं नाही. का, ते कळत नाही.

२ एप्रिल

मार्ग सापडला. इतका साधा की हसू आलं. मला एस.टी. सोसत नाही, पण सायकल सोसते. सायकलवर जायचं.

बदनापूर ते जालना, जालना ते अंबड, अंबड ते तीर्थपुरी. सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर होतील. दोन दिवस धरले तरी पुष्कळ. मुक्कामाला अंबडची शाळा आहे, तिथले हेडमास्तर ओळखीचे आहेत. ट्रक आला की खाली उतरून कडेला उभं राहायचं, त्यात कमीपणा काय?

गिरिजाला सांगितलं. तिनं हातातलं काम ठेवून माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता रागावणार. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "जावा. कसंबी जावा. पण जावा." मग काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी चाकांत हवा भरून आणली.

१० एप्रिल, अंबड

पोचलो. मांड्या लाकडासारख्या झाल्या आहेत. एकूण एक्केचाळीस वेळा उतरलो, मोजलं. एका ट्रकवाल्यानं थांबून विचारलं, "मास्तर, सायकल चालवून राह्यले का तिला फिरवून राह्यले?"

उद्या ती भेटेल. दहा महिन्यांत पहिल्यांदा उद्या व्हायची घाई झाली आहे.

११ एप्रिल, तीर्थपुरी

मोरीवरून डोळे मिटून सायकल हातात धरून चालत गेलो. पलीकडे गेल्यावर ओकलो. असो.

दुपारी बाराला पोचलो. व्याही धर्मराज ओट्यावर बसले होते. उठून गळ्यात पडले, मग सायकलकडे बघून म्हणाले, "मुराळी बैलगाडीत पाह्यला, मोटारीत पाह्यला. सायकलवरला पहिलाच पाहून राह्यलो."

प्रभा दारात आली. पोट दिसायला लागलं आहे. माझ्या पाया पडायला वाकली तर मी म्हणालो, वाकू नको. ती तशीच अर्धी वाकून राहिली आणि मग दोघांनाही पुढं काय करायचं सुचेना. मी म्हणालो, "घ्यायला आलो." ती म्हणाली, "दिसलं." आणि आत पळाली. आतून हुंदका ऐकू आला. विहीणबाई साळूबाई म्हणाल्या, "रडू द्या तिला. लई दिवसांचं साठलंय."

जेवण झालं. साळूबाईंनी प्रभाची पेटी आणून ओट्यावर ठेवली, शेजारी पापड्यांचं गाठोडं. मग माझ्या सायकलकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, प्रभाच्या पोटाकडे पाहिलं. अगदी हळू म्हणाल्या, "गुरुजी, येणं झालं. पण नेताव कसं?"

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. इतके दिवस मी जायचं कसं याचाच विचार करत होतो. मुराळ्याला रिकामं परत यायचं नसतं, लेकीला घेऊन यायचं असतं, हे मी विसरलो. पाच महिन्यांच्या गरोदर पोरीला सायकलच्या कॅरियरवर? गिरिजानं त्या दिवशी तोंड उघडून मिटलं होतं, ते हे विचारायला. धर्मराज हसले नाहीत, एवढे ते भले आहेत.

संध्याकाळी प्रभा परसात माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, गाडीत बसायचं भेव वाटतं का तुम्हाला?"

मी म्हणालो, पित्त आहे.

"पित्ताचं मी इचारलं न्हाई."

कोंबड्या फिरत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो. म्हणालो, "हो. वाटतं. फार वाटतं."

तिनं पायाशी आलेली एक कोंबडी हाकलली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही दुपारच्या गाडीनं जाणार होते. मीच म्हणले, ऊन व्हायच्या आत सकाळच्या गाडीनं जावा. माझ्यामुळं झालं, म्हणून तुम्ही येत न्हाईत, असं वाटलं मला. दहा महिने हेच वाटून राह्यलं."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. आम्ही सकाळच्या गाडीनं का निघालो याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "वेडे, तुझी आठवण येऊन जीव जायची पाळी आली होती." असं मी पूर्वी कधी बोललो नव्हतो. बोलल्यावर सोपं वाटलं.

मग ठरलं. ती उद्या सकाळी आठच्या गाडीनं जालन्याला जाईल, पेटी टपावर. मी पहाटेच सायकलनं पुढं निघेन. जालन्याच्या स्टेशनवर ती माझी वाट बघेल. तिथून रेल्वेनं दोघं घरी.

१३ एप्रिल, बदनापूर

काल लिहायला त्राण नव्हतं.

काल पहाटे निघालो. आठ वाजून गेल्यावर मागून गाडीचा आवाज आला. मी उतरून कडेला उभा राहिलो. गाडी शेजारून गेली आणि खिडकीतून प्रभाचा हात आणि अर्धा चेहरा दिसला. ती हसत होती. "बाबा, हळू या" म्हणाली. मग गाडी वळणाआड गेली आणि धूळ राहिली.

त्या धुळीत मला कळलं, की आपण काय केलं. ज्या गाडीत आपल्याच्यानं पाय ठेववत नाही, त्या गाडीत आपण आपली पोर बसवून दिली. पोटातल्या जिवासकट. आणि स्वतः मागं राहिलो.

मी सायकलवर बसलो आणि इतक्या जोरात मारली की चेन निघेल असं वाटत होतं. ट्रक आले, गेले. मी एकदाही उतरलो नाही. प्रत्येक वळणाच्या आधी मी ठरवून टाकत होतो, की पलीकडे गाडी कुशीवर पडलेली असणार. वळण संपायचं, रस्ता मोकळा असायचा. मग पुढचं वळण. मोरी कधी मागं गेली कळलंच नाही.

मोरीच्या पुढं दोनेक किलोमीटरवर लांबून माणसं दिसली. रस्त्यावर, इकडे तिकडे उभी. मध्ये लाल गाडी. माझे हात हँडलवर आहेत की नाहीत तेही कळेना. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो? तिचं नाव असणार.

गाडी सरळ उभी होती. मागचं चाक पंक्चर झालं होतं. ड्रायव्हर जॅक लावून बसला होता. प्रभा लिंबाखाली एका बाईबरोबर पापडी खात होती. मी सायकल टाकून तिच्याजवळ गेलो आणि रस्त्यातच खाली बसलो. लोक गोळा झाले. ती माझ्या तोंडावर पदरानं वारा घालायला लागली. "काई झालं न्हाई बाबा. चाक बसलं फक्त. मी इथंच हाय."

चाक बदलून झालं. लोक चढले. कंडक्टर म्हणाला, "बाई, चला." प्रभानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही हळूहळू या. मी थांबते स्टेशनला."

मी म्हणालो, "कंडक्टरसाहेब, सायकल टपावर चढेल का?"

चढलो. कसा, ते विचारू नये. प्रभानं पुढून हात धरला होता, मागून ती लिंबाखालची बाई ढकलत होती. वास तोच होता. खिडकीची जागा मी प्रभाला दिली नाही, स्वतःही घेतली नाही, आम्ही दोघं मधल्या बाकावर बसलो. अंबडला उतरून ओकलो. जालन्याच्या अलीकडे पुन्हा गाडी थांबवायला लावली, तेव्हा मागचा एक जण कुरकुरला. प्रभानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिलकुल गप्प झाला. मधल्या वेळात मी तिला कारभारीबद्दल सांगितलं. तिनं काही सल्ला दिला नाही. फक्त विचारलं, "गाव कोणतं त्यांचं?" मी सांगितलं. वडिलांच्या नावासकट सांगितलं. सगळं पाठ होतं.

मी बरा झालो असं नाही. आज सकाळी रस्त्यावर भोंगा वाजला आणि चहाची बशी हातातून पडली. पण घरी चहा तीन कप होत होता.

१५ एप्रिल

काल जयंती झाली. मिरवणूक चांगली निघाली. प्रभा आणि गिरिजा, एक पोट सांभाळत आणि एक पाय सांभाळत, सगळ्यात मागं चालत होत्या. चांगुणाबाईनं सगळ्या वस्तीला सांगितलं की गुरुजी एस.टी.नं आले. तिनं नारळ उतरला होता की काय देव जाणे. देव मी मानत नाही, सवयीनं लिहिलं.

आज दुपारी प्रभानं पेपर वाचून दाखवला. मायलेकी मग आत काहीतरी निवडत बसल्या. अठ्ठावीस तारखेला तिला परत सोडायला जायचं आहे. तेरा दिवस राहिले. मी बाहेर बसून बोटांवर मोजत होतो, आत ती हसत होती, आणि मला एकदम रडू आलं. ती जाणार म्हणून, नुसतं एवढ्यासाठीच. गाडीची आठवण बऱ्याच वेळानं झाली.